विहीणबाई, दगडाला चव असते

विहीणबाई, तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्याच दारात मला अडवलं. तसा कुणी हात आडवा केला नाही. जिन्यात चपलांचा ढीग पडला होता, वरच्या पायरीवर तुमचे थोरले दीर उभे होते, आणि नारायण पेठेत दुःखाच्या दिवशीसुद्धा चौकशी आधी होते. "आपण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कर्वेनगरहून आले." ते म्हणाले, "ते असेल. पण आपण त्यांच्या कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. सगळा जन्म मी घरचे मसाले विकले, आडमुठ्यातल्या आडमुठ्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे उत्तर असायचं, आणि तिथे तोंड उघडेना. मैत्रीण म्हणावं तर आपण एकमेकींना कधी अगंतुगं केलं नाही. विहीण म्हणावं तर मुलांच्या घटस्फोटाने ते नातं केव्हाच निकालात निघालं होतं. तेवढ्यात मागून आणखी माणसं वर आली, तुमच्या दिरांचं लक्ष तिकडे गेलं आणि मी आत सरकले. दाराशीच भिंतीला टेकून बसले. तिथून तुमचा चेहरा दिसत नव्हता, कपाटातले तुमचे दगड तेवढे दिसत होते. मी तासभर त्या दगडांकडे बघत बसले आणि उठून घरी आले.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला काल मिळालं. म्हणून आज लिहायला बसले आहे. तुमच्या दिरांना नाही, तुम्हालाच सांगायचं आहे.

आपली पहिली भेट मला अजून लख्ख आठवते. तुमच्या मुक्ताचं आणि आमच्या अमेयचं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं, बोलणी नावालाच उरली होती. तरी मी घर आवरून, दडपे पोहे करून वाट बघत होते. मुलीची आई जरा दबून, मांडीवर पर्स धरून बसेल अशी माझी आपली कल्पना. तुम्ही आल्या आल्या गॅलरीत गेलात, माझ्या कढीलिंबाच्या कुंडीतला काळा दगड उचललात, पदराने पुसलात आणि चक्क चाटलात. आमचे हे हातात पोह्यांची बशी धरून बघत राहिले. तुम्ही अगदी सहज सांगितलंत की ओला केला की दगडाचा खरा रंग दिसतो, कण दिसतात, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवताना तुम्ही सगळ्या वर्गाला हेच करायला लावता. ह्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "मुलगीही चाटते का, ते विचारून घे."

लग्नात विहिणीच्या पंगतीला तुम्ही माझ्या ताटाभोवती स्वतः रांगोळी काढलीत. सगळ्या बायका महिरपी काढत होत्या, तुम्ही डोंगराचे थर काढलेत, खालून वर, एकावर एक. मुलाची आई म्हणून पहिला मान माझा, हे तुम्ही फार मनावर घेतलं होतं. पहिलं वाढप मला, पहिला गजरा मला, गाडीत पुढची जागा मला. नवऱ्यामागे एकटीने मुलगी वाढवलेली, चार डोंगर पायी पालथे घातलेली बाई हे असलं कसं पाळते, म्हणून मी एकदा तुम्हाला हटकलं. तुम्ही म्हणालात, "मान देताना माझं काही जात नाही. घेताना तुमची जी तारांबळ उडते ना, ती बघायला मला आवडते."

मुलांच्या लग्नाला वर्ष झालं तेव्हा त्या दोघांनी आपल्याला डोंगरातल्या वायनरीवर न्यायचं ठरवलं. ह्यांनी साफ नकार दिला. दोन्ही विहिणींनी मिळून गुत्त्यावर जायचं, तर घर सांभाळायला कुणी तरी शुद्धीवर हवं, असं म्हणाले. मलाही मनातून धास्ती होती. द्राक्षाची दारू म्हणजे दारूच, आणि तीही सुनेच्या आईसमोर प्यायची. मी आपली डब्यात मेथीचे ठेपले, लोणचं आणि वरून आवळासुपारी घेऊन निघाले.

नाशिक रस्त्याने खेडचा घाट ओलांडून गाडी डाव्या अंगाला डोंगरात शिरली, आणि नव्या रस्त्यासाठी टेकडी कापली होती तिथे तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. मला वाटलं, तुम्हाला मळमळतंय. तुम्ही उतरून सरळ त्या कापलेल्या भिंतीशी गेलात आणि मला हाक मारलीत. मुलं गाडीतच बसली. आपण दोघी त्या काळ्या भिंतीपुढे उभ्या राहिलो, आणि तुम्ही वर्गात शिकवावं तसं नाही, घरातलं माणूस दाखवावं तसं मला ते सगळं दाखवलंत.

हा खालचा थर म्हणजे लाव्हाचा एक पूर. जमिनीला भेगा पडल्या, त्यातून तो उकळता रस आला आणि पसरत गेला. आपलं पुणं, नाशिक, सातारा, सगळं त्याच्याखाली गेलं. मग तो निवला. त्याच्यावर ऊन पडलं, पाऊस पडला, दगडाची माती झाली, कुठे काही उगवलंही असेल. असं शांत, फार फार काळ. मग पुन्हा जमीन फाटली आणि वरून दुसरा पूर आला. दोन काळ्या थरांच्या मधोमध विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा होता. ती मधली माती, तुम्ही म्हणालात. वरचा लाव्हा अंगावर आला तेव्हा ती भाजून निघाली.

मी त्या तांबड्या पट्ट्याला हात लावला. मी जन्मभर ह्याच दगडांत वावरले, ह्याच दगडाच्या पाट्यावर चटण्या वाटल्या, उंबरे ओलांडले, देवळांच्या पायऱ्या चढले. त्याला कधी काळी पाण्यासारखं वाहता येत होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही माझं बोट धरून दगडातल्या एका गोल भोकात घातलंत. लाव्हातला बुडबुडा, म्हणालात, फुटायचा राहिला. घावनाला जाळी पडते तशी त्या दगडाला जाळी पडली होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बुडबुड्यात माझं बोट होतं. मला एकदम रडू आलं. कशाचं ते मला तेव्हाही कळलं नाही. तुम्ही रुमाल पुढे केलात, आणि दुसऱ्या हाताने एक खडा उचलून चाटलात.

ती वायनरी म्हणजे डोंगराच्या उतारावरचं एक बसकं घर, मागे पत्र्याची शेड, आणि वरपर्यंत चढत गेलेल्या वेलांच्या रांगा. मालकीणबाई कुसुमताई. त्या मुरमाड उतारावर बाभूळसुद्धा धड येत नव्हती, असं त्यांनी सांगितलं. मुलाने शिकून येऊन हे वेल लावले तेव्हा सगळं गाव हसलं होतं. फेब्रुवारीचे दिवस होते, तोडणी चालू होती. क्रेटमधले ते द्राक्षांचे घड बघून मी जरा हिरमुसले. बारीक, काळपट, नुसत्या बियांनी भरलेले. मंडईत हे कुणी फुकट नेलं नसतं. कुसुमताई म्हणाल्या, "खायाला न्हाई जमत ताई, पर ह्येच्यातच खरा जीव हाय."

मग त्यांनी आपल्याला शेडमध्ये नेलं. स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून गार, आणि आत रस आंबत होता. तुम्ही मला टाकीला कान लावायला सांगितलंत. आत खदखद चालली होती, बारीक, अखंड. मी कान न काढताच विचारलं, लाव्हाचा आवाज असाच येत असेल का हो? तुम्हीही पलीकडून कान लावला होतात. जरा वेळाने म्हणालात, "येत असेल. पण तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं." आपण दोघी, एक निवृत्त प्राध्यापक आणि एक मसालेवाली, त्या टाकीला दोन बाजूंनी कान लावून किती वेळ उभ्या होतो कुणास ठाऊक. शेवटी अमेय शोधत आला.

आणि मग ते चाखण्याचं टेबल. ते मी मेले तरी विसरणार नाही. कुसुमताईंनी दोन ग्लासांत थोडी थोडी पांढरी वाइन ओतली आणि म्हणाल्या, घ्या. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे. तुम्ही म्हणालात, आधी विहीणबाई. मी म्हटलं, छे छे, आधी तुम्ही, तुम्हाला त्यातलं कळतं. तुम्ही म्हणालात, मला दगडातलं कळतं, मुलाकडचा मान आधी. वाइन गार असतानाच चाखायची असते, आणि आपल्या मानापानात ती कोमट झाली. कुसुमताईंनी ती ओतून दिली आणि पुन्हा गार ओतली. "तुम्ही विहिणी का?" त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून त्या घराला आपण 'विहीणबाईंची जोडी' म्हणूनच माहीत झालो. पुढे कितीदा गेलो, आपली नावं त्यांनी कधी विचारली नाहीत.

शेवटी मी हरले आणि पहिला घोट घेतला. आंबट, गार, मग कैरीसारखं काही तरी, आणि अगदी शेवटी, घोट गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी ते आलं. मी तुम्हाला म्हटलं, हा दगड लागतोय. नुकती छिन्नीने ठोकून टाकी लावून घेतलेल्या पाट्यावर पहिली चटणी वाटली की तिला जशी चव येते, अगदी तशी.

तुम्ही घोट घेतलात, डोळे मिटलेत, उघडलेत, आणि म्हणालात, "ती कच असते विहीणबाई. चव नव्हे."

झालं. तिथून आपलं भांडण सुरू झालं ते पुढची सगळी वर्षं पुरलं. दर तोडणीला भाड्याची गाडी करून आपण त्या डोंगरात जायला लागलो. मुलं पहिल्याच वर्षी आली, नंतर त्यांना वेळ नसायचा, आणि आपल्याला त्यांची गरजही नव्हती. तिथल्या चारही वायनऱ्या आपण पालथ्या घातल्या. एका ठिकाणी तळघरात लाकडी पिंपं होती, तिथला वास मला माझ्या मसाल्याच्या कोठीतला वाटला. एका ठिकाणी काळ्या कोटातला पोरगा आपल्याला इंग्रजीत समजावत होता, त्याला तुम्ही त्याच्या पायाखालच्या जमिनीचं वय विचारलंत आणि बिचारा पुढे बोलेना. शेवटी मात्र आपण कुसुमताईंकडेच यायचो. आणि दर वेळी मी म्हणायचे, दगड लागतो. तुम्ही म्हणायचात, लागत नाही.

तुमची बाजू मला आता पाठ झाली आहे. वेलाचं मूळ दगड खात नाही. दगड सहजी विरघळत नाही, आणि विरघळला तरी जिभेला कळेल एवढा फळात येत नाही. उतारामुळे पाणी मुळाशी साचत नाही, काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो, त्याने द्राक्ष बदलतं, हे तुम्हाला मान्य होतं. पण दगडाची चव म्हणजे जाहिरातवाल्यांनी उठवलेली आवई. कुसुमताईंनी एकदा खड्डा खणला होता, त्यात काळ्या खडकाच्या भेगेत शिरलेली केसाएवढी मुळी दिसत होती. मी म्हटलं, ही बघा, ही तिथे काय करते आहे? तुम्ही खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसलात. "पाणी शोधते आहे," म्हणालात. किती तरी वेळ उठलाच नाहीत. म्हणालात, त्या भेगेत वेलाआधी कधीच काही शिरलं नसेल. एवढ्या काळात हे पहिलं मूळ. मग तुम्ही मला, वाद विसरून, तुमच्या शेजारी बसायला सांगितलंत. माझी इरकल मातीत लोळली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आणि मग मुलांचं मोडलं.

मारामारी नाही, आरडाओरडा नाही. दोघंही चांगली आणि दोघांचं जमलं नाही, एवढंच आपल्याला सांगितलं गेलं. अमेय बदली मागून बंगळूरला गेला, मुक्ता तुमच्याकडे नारायण पेठेत परत आली. माझ्या डोक्यात तेव्हा काय काय येत होतं, ते तुम्हाला ठाऊक असणारच. मुक्ता हट्टी आहे, एकटीने वाढवलेली, तुम्ही तिला कधी नमतं घ्यायला शिकवलं नाही. तुमच्याही डोक्यात येत असणार की आमचा अमेय घुम्या आहे, बापावर गेलाय, बायकोशी चार शब्द बोलत नाही. आपल्यातल्या एकीनेही फोन केला नाही. मी संक्रांतीला तिळगूळ केला, तुमचा डबा भरला, आणि तो तसाच ओट्यावर राहिला. आमचे हे म्हणाले, देऊन येऊ का मी? मी म्हटलं, कोणत्या नात्याने द्याल?

फेब्रुवारीत तुमचा फोन आला. कशा आहात, काय चाललंय, काही नाही. तुम्ही म्हणालात, "तोडणी सुरू झाली असेल. येताय ना?" जणू मीच उशीर करत होते.

कापलेल्या टेकडीपाशी तुम्ही गाडी थांबवली नाहीत, तेव्हा मला बरंही वाटलं आणि वाईटही. कुसुमताईंनी नेहमीसारखे दोन ग्लास मांडले आणि कामाला आत गेल्या. त्या घराला काही ठाऊक नव्हतं. दोन ग्लास टेबलावर, आणि आपल्या दोघींचे हात मांडीवर. ती वाइन कोमट होईपर्यंत आपण बसलो असतो. तुम्ही एक ग्लास माझ्याकडे सरकवलात. "घ्या. पहिला मान तुमचा."

मला इतक्या दिवसांचं सगळं भरून आलं. मी म्हटलं, "आता कसला मान? नातं राहिलंय कुठे?"

खिडकीतून समोरच्या डोंगराचा कडा दिसत होता आणि त्यात तो तांबडा पट्टा, उन्हात. तुम्ही तिकडे बघत म्हणालात, "वरून दुसरा थर आला म्हणून खालची माती जात नाही, विहीणबाई. भाजून पक्की होते."

मी ग्लास उचलला. घोट घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी म्हटलं, दगड लागतोय. तुम्ही म्हणालात, छे, काहीतरीच. आणि आपण दोघी इतक्या हसलो की कुसुमताई हातातलं काम टाकून बाहेर आल्या.

तेव्हा मला कळलं नव्हतं, ते आज लिहिताना कळतंय. तुमची लेक आणि माझा लेक, कुणाचं किती चुकलं, हे आपण एकमेकींना कधी विचारलं नाही. तेवढं एक सोडून आपण दगडावरून भांडत राहिलो. सगळा राग, सगळी हट्टी माया त्या एका प्रश्नात ओतली. तो प्रश्न नसता तर आपल्याला कुठे तरी दुसरा शोधावा लागला असता, आणि तो इतका सोसणारा निघाला नसता. तो साडेसहा कोटी वर्षं टिकलेला होता, आपल्या दोघींचं त्याला काय ओझं होणार?

मग तुमचं आजारपण. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तुम्हाला तो विषय आवडत नसे. एवढंच सांगते, की औषधांनी तुमच्या तोंडाची चव गेली तेव्हा तुम्ही मला फोन करून सांगितलंत, बाकी कुणाला नाही. वरण पितळेसारखं लागतं, चहा पितळेसारखा लागतो, म्हणालात. मी माझ्या कोठीतलं सगळं काढलं. गोडा मसाला, मेतकूट, लिंबाचं जुनं लोणचं, कर्वेनगरहून नारायण पेठेत डबे घेऊन येत राहिले. तुम्ही प्रत्येक डबा उघडून वास घ्यायचात, एक घास खायचात, आणि मान हलवायचात. आयुष्यभर ह्या जिभेवर, ह्या हातावर पोट भरलं, आणि तुमच्यासाठी ती काही कामाची नव्हती, ह्याचा मला फार राग यायचा.

गेल्या तोडणीला डॉक्टर नको म्हणत असतानाही तुम्ही आलात. गाडीत मागे आडव्या होऊन आलात. कापलेल्या टेकडीपाशी गाडी थांबवायला लावलीत, उतरला मात्र नाहीत, काच खाली करून नुसतं बघितलंत. मी उतरून तुमच्यासाठी एक खडा आणला. तुम्ही तो चाटलात आणि हसलात. "हा तेवढा पूर्वीसारखाच लागतो," म्हणालात. "म्हणजे काहीच लागत नाही."

टेबलापाशी तुम्ही ग्लासाला हातही लावला नाहीत. तुमचा ग्लास माझ्याकडे सरकवून म्हणालात, आज दोन्ही तुम्हीच घ्या, आणि मला सांगा, लागतो का दगड? तुमच्या मनगटाचं हाड मला दिसत होतं. मी घोट घेतला. लागत होता, विहीणबाई, त्या वर्षी तर कधी नव्हे इतका लागत होता. पण तुम्ही इतक्या लांबून, इतक्या थकून आल्या होतात. मी म्हटलं, तुमचंच खरं. दगडाला चव नसते.

तुमचा चेहरा असा काही उतरला की मी घाबरले. मग तुम्ही रागावलात. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर खऱ्या अर्थाने रागावलात ते एकदाच. "मी आजारी आहे म्हणून हरू नका," तुम्ही म्हणालात. "मला ते चालणार नाही."

परत येताना तुम्ही गाडीत झोपलात, तुमचं डोकं माझ्या खांद्यावर. मला तेव्हा खरं सांगायचं होतं आणि तुम्हाला उठवावंसं वाटलं नाही. पुन्हा कधी सांगता येईल असं वाटलं होतं. त्यानंतर दवाखाना, माणसांची ये-जा, मुक्ता सतत उशाशी. दगडाचा विषय तिथे कसा काढायचा? राहूनच गेलं.

तुमचे दिवस झाल्यावर मुक्ताचा फोन आला. ती मला आता आई म्हणत नाही, काकू म्हणते, आणि ते म्हणताना दर वेळी जरा अडखळते. म्हणाली, आईने सांगून ठेवलंय, तोडणी सुरू झाली की काकूंना घेऊन जा. मी म्हटलं, तुला वेळ आहे का? "नाहीये. पण आईने सांगितलंय म्हटल्यावर काय करणार?" ती म्हणाली. तुमचाच आवाज, तुमचाच कोरडेपणा.

काल गेलो. मुक्ताने स्वतः गाडी चालवली. कापलेल्या टेकडीपाशी मी काही बोलायच्या आत तिने गाडी बाजूला घेतली. लहानपणी तुम्ही तिला किती डोंगरांपुढे असं उभं केलं असेल. आम्ही दोघी त्या भिंतीपुढे उभ्या राहिलो. मी तिला तो बुडबुडा शोधून दाखवला आणि तिचं बोट त्यात घातलं. ती म्हणाली, आई होती तेव्हा ह्या सगळ्याचा कंटाळा यायचा, काकू. आणि रडली. माझ्याकडे रुमाल नव्हता, पदर दिला.

कुसुमताई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे मान लांब करून बघितलं. "दुसऱ्या विहीणबाई गाडीतच बसल्यात व्हय?"

मी सांगितलं. त्या तिथेच पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने पदराने तोंड पुसलं, मुक्ताकडे बघितलं आणि मला विचारलं, "आन् ह्या कोन म्हनायच्या?"

पुन्हा तोच प्रश्न. मुक्ता पायाने माती उकरायला लागली. सून म्हणता येत नाही, परकी म्हणवत नाही, आता काकू काय सांगतील, ह्याची ती वाट बघत होती, हे मला न बघताही कळत होतं. ह्या वेळी माझी जीभ अडली नाही.

"माझ्या विहीणबाईंची लेक," मी म्हणाले.

कुसुमताईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "व्हय, नाकावरनं वळाकलं," म्हणाल्या आणि ग्लास आणायला आत गेल्या. मुक्ताने वर बघितलं. माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

तर विहीणबाई, तुमच्या दिरांना द्यायचं राहिलेलं उत्तर हे असं आहे. मुलांनी आपल्याला विहिणी केलं, ते खरं. पण मुलांना ते मोडता यायचं नव्हतं, त्यांच्या हातात तेवढं नव्हतंच. माझा मुलगा बंगळूरला आहे, तुम्ही ह्या जगात नाही, आणि मी अजूनही तुमची विहीण आहे. तुमचं नाव मी आयुष्यात एकदाही घेतलं नाही, मला त्याची गरजच पडली नाही.

कुसुमताईंनी सवयीने दोन ग्लास मांडले. मुक्ताने एक उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. "काकू, आधी तुम्ही. आई म्हणायची, पहिला घोट विहीणबाईंचा, नाही तर त्या रुसतात." मी कधी रुसले हो? पण असो, तुम्ही सांगून ठेवलंत ना, मग खरंच असेल.

मी घोट घेतला. आंबट, गार, कैरी, आणि मग घोट गिळल्यावर, अगदी मागे, जिभेच्या मुळाशी, टाकी लावलेला पाटा. गेल्या वर्षी तुमच्यापुढे गिळून टाकलं होतं ते मी काल मोठ्याने म्हटलं. दगड लागतोय.

मुक्ताने तिचा ग्लास उचलला, घोट घेतला, डोळे मिटले आणि उघडले. समोरच्या कड्यावर ऊन आलं होतं.

"ती कच असेल, काकू," ती म्हणाली. "चव नव्हे."

मी हरलेली नाही, विहीणबाई. आणि तुमची बाजू आता मुक्ता लढवते आहे.